रोम येथील नाताळ व २५ डिसेंबर या मितीचा आधार

मराठींतील 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला हें सर्वश्रुत आहे. पोर्तुगीज 'नाताल' हें लॅटिन 'नातालिस' या शब्दाचें रूप असून त्याचा अर्थ 'जन्मदिवस' असा होतो. त्याच्या मुळाशीं असलेला लॅटिन धातु व संस्कृतांतील 'जन्' हे एकाच कुळांतले. लॅटिनांत आरंभींचा 'ग' पुढें गळाला, इतकाच भेद. तेव्हां 'जात' आणि 'नाताळ' हे दूरचे कां होईना, पण भाऊबंद शब्द होत. परंतु त्रैमासिकाच्या वाचकांचें लक्ष आम्हांस जिकडे वेधावयाचें आहे ती गोष्ट निराळी आहे. २५ डिसेंबर या मितीपुढें 'नातालिस' हा शब्द ज्या जुन्यांत जुन्या पंचांगांत आढळतो, तें पंचांग रोम शहरांत इ. स. ३५४ मध्यें तयार झालें. त्यांत हा शब्द पुरता लिहिलेला नसून त्याचें केवळ पहिलें अक्षर आहे. आणि तो जन्म ख्रिस्ताचा नव्हे, तर 'अजिंक्य' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या देवाचा आहे!

इ. स. २०२३ च्या डिसेंबरांत आम्हांस सुमारें तीन आठवडे रोम येथें राहण्याचा योग आला. नाताळ त्या वर्षीं सोमवारीं, मार्गशीर्ष शुद्ध १४ शके १९४५ या दिवशीं होता. शहराचें वर्णन करण्याचा आमचा मानस नाहीं. तें काम प्रवासी लोकांनीं पुष्कळ केलें आहे. पिआत्सा नाव्होना या चौकांतील जत्रा, आब्रुझ्झीच्या डोंगरांतून येऊन मेरीच्या मूर्तीपुढें कातडी पिशवीचें वाद्य वाजविणाऱ्या मेंढपाळांची परंपरा, दुकानांची रोषणाई, यांविषयीं ज्यांस जिज्ञासा असेल त्यांनीं ती अन्यत्र भागवावी. आम्ही जुन्या कागदांच्या वासावर गेलों होतों, व त्या दृष्टीनें जें पाहिलें व ताडून घेतलें तेवढेंच येथें देतों.

वर उल्लेखिलेल्या पंचांगास 'सन ३५४ चा कालग्रंथ' असें म्हणतात. व्हॅलेंटिनस नांवाच्या एका ख्रिस्ती गृहस्थास भेट म्हणून तो तयार करण्यांत आला. लेखक फ्युरिअस डायोनिसिअस फिलोकॅलस हा त्या काळचा नामांकित अक्षरकार होता. पुढें पोप डमॅसस (इ. स. ३६६-३८४) यानें हुतात्म्यांच्या थडग्यांवर जे शिलालेख खोदविले, त्यांचें वळण याच फिलोकॅलसाचें. शहराच्या तटाबाहेरील सांता आग्नेसे या देवळाच्या जिन्यांत त्या वळणाची एक अखंड शिळा भिंतींत बसविलेली आहे. अक्षर इतकें ठळक व नेमकें कीं, जिना उतरतां उतरतां वाचतां यावें. दगडावर त्याचें वळण राहिलें, त्याच्या हातचा ग्रंथ मात्र राहिला नाहीं. तें कसें झालें तें पुढें सांगूं.

ग्रंथाची रचना पाहिली म्हणजे आमच्याकडील कुलकर्ण्यांच्या वा देशमुखांच्या चोपड्यांची आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं. एकाच बाडांत बारा महिन्यांचें सचित्र पंचांग, वारांच्या ग्रहदेवता, दरसालच्या दोन कॉन्सल अधिकाऱ्यांची यादी, ईस्टरच्या मित्या, शहराचे सुभे, बिशपांच्या व हुतात्म्यांच्या पुण्यतिथी, पोपांची नामावळी, असा सर्व संसार एकत्र आहे. त्यांत जुन्या देवांचे उत्सव आणि नव्या धर्माच्या तिथी शेजारीं शेजारीं नांदतात. ज्यानें ग्रंथ लिहिला व ज्याच्याकरितां लिहिला त्या दोघांसही यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं, हीच त्या काळच्या रोमची खरी साक्ष होय.

आपल्या प्रश्नापुरत्या यांतील तीन नोंदी महत्त्वाच्या आहेत. पहिली पंचांगांतली: २५ डिसेंबर, 'अजिंक्या'चा जन्म, रथांच्या ३० शर्यती. इतर उत्सवांस बहुधा २४ शर्यती असत, त्यावरून या दिवसाचा थाट मोठा होता असें दिसतें. दुसरी नोंद हुतात्म्यांच्या यादींतली. ही यादी मुळांत इ. स. ३३६ च्या सुमाराची असावी असें अंतर्गत पुराव्यावरून विद्वान् मानतात. तिचा आरंभच जानेवारीच्या पहिल्या दिवसापूर्वींच्या आठव्या दिवसानें, म्हणजे २५ डिसेंबरनें होतो, व त्या दिवशीं यहूदी देशांतील बेथलेहेम येथें ख्रिस्ताचा जन्म झाला अशा आशयाची एक ओळ तीत आहे. रोमांत हा दिवस पाळला जात असल्याचा याहून जुना निःसंदिग्ध आधार नाहीं. तिसरी नोंद कॉन्सलांच्या यादींत आहे, व ती मात्र तपासून घेण्यासारखी आहे. इ. स. १ च्या कॉन्सलांपुढें, याच मितीस, शुक्रवारीं, चंद्राच्या पंधराव्या दिवशीं जन्म झाला, असें तींत लिहिलें आहे.

मिती, वार आणि तिथि अशीं तिन्ही अंगें एकत्र मिळालीं कीं आमच्या सारख्या जंत्री चाळण्यांत जन्म घालविलेल्या माणसास गणित केल्यावांचून चैन पडत नाहीं. जुलिअन पद्धतीनें मागें मोजीत गेलें असतां इ. स. १ मधील २५ डिसेंबरास शुक्रवार येत नाहीं, रविवार येतो. चंद्रही पौर्णिमेचा नसून कृष्ण पक्षांत बराच उतरलेला आहे. सारांश, ही नोंद समकालीन नव्हे. ती मागाहून कोणीं तरी कोष्टकावरून रचून यादींत घातलेली आहे. मिती आधीं ठरली, आणि वार-तिथि तिच्या अंगावर दागिन्यांसारखीं चढविलीं. बखरींतील कित्येक मित्यांची हीच गत असते हें वाचकांस सांगणें नलगे.

आतां ग्रंथाच्या प्रवासाविषयीं. फिलोकॅलसाच्या हातची अस्सल प्रत केव्हां नष्ट झाली तें कळत नाहीं. नवव्या शतकांत तिची एक नक्कल झाली, व ती नक्कल सातशें वर्षें टिकली. सोळाव्या शतकांत व सतराव्याच्या आरंभीं त्या नकलेच्या आणखी नकला निघाल्या. इ. स. १६२० मध्यें ती जुनी नक्कल दक्षिण फ्रान्सांतील पेयरेस्क (इ. स. १५८०-१६३७) या थोर संग्राहकाच्या हातीं आली. त्यानें तींतील चित्रांच्या नकला काळजीपूर्वक काढवून रोमला पाठविल्या व ग्रंथाचें तपशीलवार वर्णन एका पत्रांत लिहून ठेविलें. इ. स. १६३७ मध्यें पेयरेस्क वारला, आणि त्यानंतर ती नवव्या शतकाची प्रतही नाहींशी झाली. ती अद्याप सांपडलेली नाहीं. आज जें कांहीं हातीं आहे तें नकलांच्या नकलांवरून: कांहीं व्हिएन्ना येथें, कांहीं ब्रसेल्स येथें, आणि चित्रांच्या दृष्टीनें सर्वांत मोलाची पेयरेस्कची प्रत रोमांत व्हॅटिकन ग्रंथालयाच्या बार्बेरिनी संग्रहांत. हा संग्रह ग्रंथालयानें इ. स. १९०२ मध्यें विकत घेतला. मॉमसेन या जर्मन पंडितानें सर्व प्रती ताडून इ. स. १८५० मध्यें व पुन्हां इ. स. १८९२ मध्यें संहिता छापली, तेव्हां कोठें अभ्यासकांस पायाखालीं जमीन मिळाली.

आम्ही गेलों तेव्हां नाताळच्या सुट्टीमुळें ग्रंथालय बंद होतें. आणि तें उघडें असतें तरी शिफारशीवांचून आंत प्रवेश नाहीं. परंतु त्या प्रतीचीं छायाचित्रें ग्रंथालयानें स्वतःच सर्वांस खुलीं केलीं असल्यामुळें, तटाबाहेरच्या एका खोलींत बसून, संगणकावर आम्हीं तीं पानें सावकाश पाहिलीं. त्या वेळीं आमच्या माहितींतील एका घराण्याची आठवण होऊन मन विषण्ण झालें. त्या घरीं दोन पेटारे रुमाल होते. नक्कल करूं द्या म्हणून आम्हीं व आमच्या स्नेह्यांनीं बारा वर्षें विनविलें. कागद घरचे आहेत, घरांतच राहतील, हें उत्तर ठरलेलें. कागद घरांतच राहिले खरे, परंतु वाळवीच्या पोटांत. पेयरेस्क हाही धनी होता आणि कागद त्यासही प्रिय होते. पण त्यानें नकला बाहेर जाऊं दिल्या म्हणून आज २५ डिसेंबरच्या प्रश्नावर बोलावयास कांहीं आधार उरला आहे. आमच्या संग्राहक बंधूंनीं या दोन उदाहरणांची तुलना स्वतःच करावी.

मूळ प्रश्नाकडे वळूं. २५ डिसेंबर हीच मिती कां? याविषयीं दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, ऑरेलियन बादशहानें इ. स. २७४ मध्यें रोमांत सूर्याचें मोठें मंदिर बांधलें. सूर्याचा हा उत्सव ख्रिस्ती लोकांनीं आपलासा केला. हा पक्ष ऐकण्यास सुटसुटीत आहे, परंतु त्या मंदिराची प्रतिष्ठा २५ डिसेंबरास झाली असें सांगणारा समकालीन लेख नाहीं. 'अजिंक्या'च्या जन्माची २५ डिसेंबरची जुन्यांत जुनी नोंद आपण वर पाहिलेलीच, इ. स. ३५४ ची. दुसरा पक्ष म्हणतो कीं, ख्रिस्ताचा गर्भसंभव व मृत्यु हे दोन्ही २५ मार्च या एकाच मितीस झाले अशी जुनी धारणा होती. तीवर नऊ महिने मिळविले कीं २५ डिसेंबर येतो. या पक्षाचे लोक हिप्पोलिटस याच्या दानिएलच्या ग्रंथावरील टीकेचा आधार देतात. परंतु तेथील २५ डिसेंबरचा उल्लेख प्रक्षिप्त असल्याचा संशय आहे, म्हणून त्यावर भार टाकणें धोक्याचें. आमचें मत विचाराल तर दोन्ही पक्षांचे आधार फार थोड्या पानांवर उभे आहेत, आणि दोहोंच्याही मागें एकच आकाश आहे. रोमन लोक २५ मार्च हा वसंतसंपाताचा व २५ डिसेंबर हा दक्षिणायनान्ताचा दिवस मानीत. सूर्यभक्त काय आणि ख्रिस्ती काय, एकाच पंचांगांतून दिवस निवडीत होते.

हें आकाश रोमांत भर मध्यान्हीं जमिनीवर पाहतां येतें. डायोक्लेशियनच्या स्नानगृहांच्या भग्नावशेषांत सांता मारिया देल्यी आंजेली हें देऊळ आहे. त्याच्या फरशींत ब्राँझची एक सरळ पट्टी दक्षिणोत्तर बसविली असून ती सुमारें ४५ मीटर लांब आहे. फ्रांचेस्को बिआंकिनी या ज्योतिष्यानें, पोप अकरावा क्लेमेंट याच्या आज्ञेवरून, ती इ. स. १७०२ मध्यें पुरी केली. दक्षिणेच्या भिंतींतील एका छिद्रांतून येणारा सूर्याचा कवडसा माध्यान्हीं ही पट्टी ओलांडतो. उन्हाळ्यांत कवडसा भिंतीजवळ, कर्केच्या चित्रापाशीं पडतो. हिवाळ्यांत दूर सरतो व अयनदिनीं पार टोंकाला, मकरेच्या चित्रापाशीं. ता. २२ डिसेंबर रोजीं आम्ही मुद्दाम तेथें जाऊन उभे राहिलों. बारा वाजून कांहीं मिनिटें होतांच लांबट अंडाकृति प्रकाश हळूहळू सरकत पट्टीवर आला. तें सायन मकरसंक्रमण होय! आमच्या घरच्या पंचांगांत मकरसंक्रांत त्या खेपेस १५ जानेवारीस, म्हणजे पुरत्या चोवीस दिवसांनीं होती. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथांत (इ. स. १८९६) सायन पक्ष कां घेतला तें पुस्तकांतून कळतें, येथें तें डोळ्यांस दिसतें.

हिशेब असा कीं, जुलिअन वर्ष खऱ्या वर्षाहून किंचित् मोठें असल्यानें सुमारें १२८ वर्षांत एक दिवस मागें पडतो. म्हणून पोप तेरावा ग्रेगरी यानें इ. स. १५८२ मध्यें दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. सेंट पीटरच्या देवळांतील त्याच्या समाधीवर हा प्रसंग कोरलेला आहे, व गर्दींतही आम्हीं तो शोधून पाहिला. परंतु त्यानें दुरुस्ती केली ती सीझरच्या काळापर्यंत नव्हे, तर इ. स. ३२५ च्या निकेआच्या धर्मपरिषदेपर्यंत. कारण त्यास चिंता ईस्टरची होती, नाताळची नव्हती. त्यामुळें वसंतसंपात २१ मार्चास आणि अयनदिन २१-२२ डिसेंबरास येऊन बसला, व नाताळ आपल्या मूळ अयनदिनापासून तीन-चार दिवस कायमचा दूर राहिला. आमची संक्रांत चोवीस दिवस सुटली, त्यांचा नाताळ तीन दिवस. दोघेही उत्सव मात्र जुन्याच नांवानें करतात.

अवशेषांच्या बाबतींत रोमची श्रद्धा चिवट आहे. सांता मारिया माज्जोरे या पांचव्या शतकांतील देवळांत मुख्य वेदीखालीं, व्हालादिए यानें घडविलेल्या स्फटिकपात्रांत लांकडाच्या पांच फळ्या ठेविल्या आहेत. या ख्रिस्ताच्या गव्हाणीच्या, असें मानतात. सातव्या शतकापासून या देवळास गव्हाणीवरून पडलेलें नांव आढळतें. तेथील संग्रहालयांत आर्नोल्फो दी कांबिओ यानें सुमारें इ. स. १२९० मध्यें घडविलेल्या जन्मदेखाव्याच्या पाषाणमूर्ति आहेत; आमच्या मतें फळ्यांपेक्षां त्याच अधिक बोलक्या. कॅपिटोल टेकडीवरील आराचेली देवळांत (१२४ पायऱ्या, आमच्या वयाच्या माणसानें मध्यें दोनदां थांबावें) बालख्रिस्ताची एक लांकडी मूर्ति नाताळांत गव्हाणींत ठेवितात. मूळ मूर्ति इ. स. १९९४ मध्यें चोरीस गेली ती मिळालीच नाहीं. आतां पूजा होते ती नकलेची. भाविकांच्या गर्दींत त्यामुळें उणेपणा आलेला दिसला नाहीं.

रोमच्या नाताळांतील इतिहासदृष्ट्या सर्वांत मोठा दिवस म्हणजे इ. स. ८०० चा. त्या दिवशीं सेंट पीटरच्या जुन्या देवळांत पोप तिसरा लिओ यानें फ्रँक राजा शार्लमेन याच्या मस्तकीं बादशाही मुगुट ठेविला. तें देऊळ आतां नाहीं, हल्लींचें इ. स. १५०६ ते १६२६ या काळांत बांधलें गेलें. जुन्यांतील जांभळट तांबड्या दगडाची एक मोठी वाटोळी शिळा मात्र नव्या देवळांत प्रवेशद्वाराजवळ बसविलेली आहे. तीवर शार्लमेननें गुडघे टेकले असें सांगतात. या एका प्रसंगाच्या हकीकती चार ठिकाणीं आहेत, आणि चारी निराळ्या. फ्रँक दरबारच्या शकावलींत, पोपनें जुन्या बादशहांच्या रिवाजाप्रमाणें राजास नमन केलें असें आहे. पोपच्या चरित्रांत या नमनाचा मागमूस नाहीं. लोर्शच्या मठाची शकावली म्हणते कीं, कॉन्स्टँटिनोपल येथें स्त्री राज्य करीत असल्यानें बादशाही पद रिकामें होतें, म्हणून सभेनें तें यास दिलें. चरित्रकार आइनहार्ट तर असें लिहितो कीं, पोपचा बेत आधीं कळला असता तर एवढा मोठा सण असूनही राजा देवळांत पाऊल टाकता ना. हें शेवटलें आम्हांस पटत नाहीं. दोनच दिवस आधीं पोपनें राजासमक्ष आपल्यावरील आरोपांच्या निरसनाची शपथ घेतली होती. इतकी जुळवाजुळव चालली असतां राजास कांहींच ठाऊक नव्हतें, हें संभवत नाहीं.

परंतु आणखी एक बारीक गोष्ट अशी कीं, फ्रँक शकावलींत हा राज्याभिषेक सन ८०१ खालीं येतो. यांत लेखकाचा प्रमाद नाहीं. त्यांचें वर्ष नाताळापासून सुरू होई. म्हणून २५ डिसेंबर हा आमच्या मतें ८०० च्या शेवटचा, पण त्यांच्या मतें ८०१ चा पहिला दिवस. इटलींत हा घोळ फार दिवस चालला. इ. स. १३९९ चा २६ डिसेंबर घ्या. वर्ष नाताळापासून मोजणारा त्यास १४०० म्हणेल. पिसा शहरीं वर्ष आधींच्या २५ मार्चापासून लागे, तेथेंही १४००. फ्लॉरेन्स येथें वर्ष नंतरच्या २५ मार्चास, व्हेनिस येथें १ मार्चास. त्या दोन्हीं शहरीं १३९९. फ्लॉरेन्स व पिसा यांनीं १ जानेवारी स्वीकारला तो इ. स. १७५० मध्यें. चैत्रादि व कार्तिकादि संवत्, अमान्त व पूर्णिमान्त महिने, मृगापासूनचा शुहूर सन, यांत मुरलेल्या वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. मात्र युरोपीय सन दिसला कीं तो निर्विवाद आहे असें समजण्याची जी संवय आमच्या संशोधकांस जडली आहे, तिला येथें थोडा धक्का बसावा.

कारण हा घोळ आमच्या कागदांतही शिरलेला आहे. पोर्तुगीज अंमलांत ग्रेगरीची पद्धत सोळाव्या शतकांतच लागू झाली. इंग्रजांनीं ती इ. स. १७५२ पर्यंत घेतली नाहीं, व तोंवर त्यांचें कायदेशीर वर्ष २५ मार्चास सुरू होई. म्हणजे ज्या गर्भसंभवाच्या मितीवरून दुसरा पक्ष नाताळ काढतो, त्याच मितीस. सतराव्या शतकांत गोव्यांत नाताळ होऊन दहा दिवस लोटावे, तेव्हां सुरतेच्या वखारींत तो साजरा होई. शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध १३ रोजीं रायगडीं झालेला राज्याभिषेक हेन्‍री ऑक्सिंडेननें समक्ष पाहिला. त्याच्या हिशेबानें ती ६ जून १६७४, गोव्याच्या हिशेबानें १६ जून. छापील पुस्तकांत या दोन्ही तारखा पद्धतीचा उल्लेख न करतां येतात, व नवशिक्यास वाटतें कीं दहा दिवसांचा वाद आहे. वाद नाहीं, दोन्ही पद्धतींत वार एकच, शनिवार. तारीख बदलते, सन बदलतो, वार बदलत नाहीं. म्हणून मिती ताडतांना साक्ष घ्यावयाची ती वाराची.

याच कसोटीस जेधे शकावली उतरते. लो. टिळकांनीं इ. स. १९१६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या या शकावलींत शिवजन्म शके १५५१ फाल्गुन वद्य ३ शुक्रवार असा दिला आहे. जुलिअन गणितानें तो १९ फेब्रुवारी १६३० येतो, व वार शुक्रवारच. गोव्यांतील पोर्तुगीजानें त्या दिवशीं १ मार्च १६३० लिहिलें असतें. सुरतेच्या इंग्रजानें १९ फेब्रुवारी, सन १६२९.